टाळेबंदीतील शेतमाल पुरवठा साखळी : व्यवस्थापनविषयक लेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत वाणिज्य, अर्थशास्त्र, भूगोल व कृषिविस्तार या विषयांच्या अभ्यासकांनी 'महामारीतील शेतमाल पुरवठा साखळीचे व्यवस्थापन' या विषयावर विपुल लेखन केले. महाविद्यालयीन नियतकालिके, चर्चासत्रांची कार्यवृत्ते आणि त्या उन्हाळ्यात अक्षरशः पूर यावा तसे झालेले आभासी परिसंवाद यांतून हा विषय इतक्या वेळा मांडला गेला की त्याचा एक ठरावीक साचाच तयार झाला. आरंभी साथीची पार्श्वभूमी. मग उत्पादकापासून ग्राहकापर्यंत बाण दाखविणारी आकृती. मग वाहतूक, मजूर व साठवणूक या तीन अडचणी. त्यानंतर शासकीय उपाययोजनांची यादी. आणि अखेरीस 'संकटातून संधी' या शीर्षकाला शोभेल असा आशावादी समारोप. (सहभागाचे प्रमाणपत्र त्याच सायंकाळी ई-मेलने येत असे, हे आपणांस स्मरत असेलच.) प्रस्तुत लेखकानेही या साच्यात बसणारे एक टिपण त्या काळात वाचले होते. तेव्हा पुढील टीका ही काही अंशी आत्मटीकाही आहे.

या लेखनावरील आक्षेप माहितीच्या अपुरेपणाचा नाही. योजनांची नावे, तारखा, रकमा यांची नोंद त्यात पुष्कळ आहे. आक्षेप आहे तो मोजपट्टीबाबत. साखळी सुरळीत राहिली की नाही, हे या लेखनात जवळजवळ नेहमीच खाणाऱ्याच्या दारात उभे राहून ठरविले गेले. शहरात भाजी मिळाली, दूध आले, धान्य कमी पडले नाही, अतएव व्यवस्थापन यशस्वी झाले, असा हा युक्तिवाद आहे. पिकविणाऱ्याच्या बांधावरून हेच चित्र कसे दिसते, आणि तेथे झालेले नुकसान मोजण्यासाठी आपल्या प्रशासनाकडे व आपल्या विद्याशाखेकडेही रकाना का नव्हता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रापुरते मर्यादित ठेवले आहे.

'साखळी' या प्रतिमेची मर्यादा

'पुरवठा साखळी' ही संज्ञा शेतीतून आलेली नाही. ती १९८० च्या दशकात उद्योगव्यवस्थापनाच्या क्षेत्रात रूढ झाली. तिच्यामागील विचार त्याहून जुना आहे. किरकोळ विक्रेत्याकडील मागणीतील लहानसा बदल घाऊक विक्रेता व कारखाना यांच्याकडे जाता जाता कसा मोठा होत जातो, हे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये मांडले. टोयोटाने साठा किमान ठेवून गरजेपुरतेच उत्पादन करण्याची पद्धत विकसित केली. या सर्व मांडणीमागे एक गृहीतक आहे : मागणी घटली तर यंत्र थांबविता येते. थांबविण्याला खर्च येतो, परंतु थांबविता येते.

'शेती हा जैविक व्यवसाय असल्याने त्यात अनिश्चितता असते' असे वाक्य आपल्या लेखनात हमखास येते, परंतु त्याचे परिणाम पुढच्या परिच्छेदापर्यंतही नेलेले आढळत नाहीत. गाईचे दूध सकाळ-संध्याकाळ काढावेच लागते. मांसल कोंबडी साधारणतः चाळीस दिवसांत विक्रीच्या वजनाला येते आणि त्यानंतर ती ठेवलेला प्रत्येक दिवस खाद्याच्या खर्चात भर घालतो. टोमॅटोची तोडणी लांबविता येते ती फार तर काही दिवस. ऊस उभा राहिला तर त्याचे वजन व साखर घटते. कापूस मात्र घरात वर्षभर पडून राहू शकतो. परंतु ज्याच्या घरात तो पडून आहे त्याचे पीककर्ज तितके थांबत नाही. म्हणजे 'शेतमाल' या एका शब्दाखाली आपण ज्या वस्तू एकत्र करतो, त्यांची थांबण्याची शक्ती मुळातच भिन्न आहे, आणि टाळेबंदीचा आघातही त्याच प्रमाणात भिन्न झाला. एका आकृतीत एकाच जाडीचे बाण काढले की हा भेद नाहीसा होतो.

द्राक्षाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्रातील द्राक्षाचा हंगाम साधारणतः एप्रिलमध्ये संपतो. टाळेबंदी आली तेव्हा नाशिक व सांगली या दोन्ही पट्ट्यांत उशिराचा माल वेलींवर होता. बाजार व परप्रांतीय व्यापारी दोन्ही नाहीसे झाल्यावर तासगाव-मिरज परिसरातील बागायतदारांनी खाण्याची द्राक्षे बेदाण्याकडे वळविली. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात घड बुडवून शेडमधील जाळ्यांवर सुमारे दोन आठवडे सुकविण्याचे तंत्र या भागात कित्येक वर्षांपासून अवगत आहे. याला कोणी 'आपत्कालीन पुरवठा व्यवस्थापन' म्हटले नाही, पण खरे व्यवस्थापन हेच होते आणि ते शेतकऱ्याने स्वतःच्या ज्ञानावर व स्वतःच्या जोखमीवर केले. ज्यांना शेड उपलब्ध नव्हती, किंवा ज्यांची जात बेदाण्याला योग्य नव्हती, त्यांना ही वाट नव्हती. शिवाय बेदाण्याचा साठा वाढला की त्याच्याही भावावर दडपण येणार, हे उघड आहे. नुकसान टळले असे म्हणण्यापेक्षा ते पुढे ढकलले गेले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. 'व्यत्यय' हा शब्द आपण वाहतुकीच्या अर्थाने वापरला : रस्ता बंद झाला, माल अडकला, रस्ता उघडला, माल सुटला. प्रत्यक्षात अनेक पिकांच्या बाबतीत रस्ता उघडूनही माल सुटला नाही, कारण पलीकडची मागणीच उरली नव्हती. उपाहारगृहे, खानावळी, वसतिगृहे, लग्नकार्ये, मिठाईची दुकाने हे सर्व एकाच वेळी बंद झाले. दुधाचे पाहा. घरोघरी जाणारी पिशवी बहुतांशी चालू राहिली; 'दूध कमी पडले नाही' हे विधान तेवढ्यापुरते खरेच आहे. परंतु चहाची टपरी, हॉटेल, आईस्क्रीम व मिठाई यांकडे जाणारे दूध अतिरिक्त ठरले, ते भुकटीकडे वळले, भुकटीचे दर कोसळले आणि त्याचा भार खरेदीदराच्या रूपाने गोठ्यापर्यंत आला. राज्य शासनाने प्रतिदिन दहा लाख लिटरपर्यंतचे अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आणली. हा निर्णय योग्य होता, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र ती राबविली गेली सहकारी दूध संघांमार्फत, आणि महाराष्ट्रात संकलनाचा मोठा वाटा खासगी दूध प्रकल्पांकडे आहे. खासगी संकलन केंद्रावर किटली घेऊन जाणाऱ्याला या दराचा प्रत्यक्ष आधार मिळाला नाही. जुलै २०२० मध्ये दूधदरासाठी राज्यात आंदोलने झाली, रस्त्यावर दूध ओतले गेले. तोपर्यंत आपल्या बहुतेक निबंधांत ही योजना 'यशस्वी उपाय' या मथळ्याखाली जाऊन बसली होती.

कुक्कुटपालनाबाबत तर व्यत्यय टाळेबंदीच्या आधीच सुरू झाला होता. कोंबडीच्या मांसातून विषाणू पसरतो ही निराधार अफवा फेब्रुवारी २०२० पासून भ्रमणध्वनीवरून फिरत होती. पशुसंवर्धन विभागाने खुलासे केले, तरी खप कोसळला आणि पक्षी उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली विकले गेले, फुकट वाटले गेले, पुरलेही गेले. त्याबरोबर खाद्यासाठी लागणाऱ्या मक्याची व सोयापेंडीची मागणी घटली, म्हणजे कोंबडी न पाळणाऱ्या मकाउत्पादकालाही ही झळ पोहोचली. मे महिन्यात टोमॅटोवरील एका वनस्पतिरोगाबाबत अशीच भीती पसरली; वनस्पतीच्या विषाणूचा माणसाला संसर्ग होत नाही हे सांगेपर्यंत भावाचे व्हायचे ते झाले. बाणांच्या आकृतीत अफवेला स्थान नसते.

येथे विरुद्ध बाजूचा एक इशाराही द्यावासा वाटतो. २०२० मधील प्रत्येक गोष्ट टाळेबंदीच्या खाती टाकणे तितकेच चुकीचे आहे. त्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या. काही निबंधांत त्यांची नोंद 'निविष्ठा पुरवठ्यातील कोविडजन्य अडथळा' अशी आढळते. वस्तुतः २०१९ च्या काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने बियाण्याची उगवणक्षमता घटली होती, हे त्याचे प्रमुख कारण होते.

सवलतींचा क्रम

शासकीय आदेशांचा उल्लेख सर्वच लेखनात येतो. त्यांचा क्रम मात्र कोणी वाचलेला दिसत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २४ मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत किराणा, फळे-भाजीपाला, दूध, मांस-मासे व पशुखाद्य यांच्या दुकानांना पहिल्याच दिवशी सूट होती. शेतातील कामे, शेतमजूर, बाजार समित्या, खते-बियाण्यांचे कारखाने, कापणी यंत्रांची आंतरराज्य ने-आण यांना सूट मिळाली ती २७ मार्चच्या पुरवणी आदेशाने. जीवनावश्यक व इतर असा भेद न करता सर्व मालवाहतुकीस मुभा देणारे पत्र निघाले २९ मार्चला. शेती अवजारांची व सुट्या भागांची दुकाने आणि महामार्गावरील ट्रकदुरुस्तीची गॅरेजे यांना ३ एप्रिल उजाडावा लागला.

म्हणजे प्रथम दुकान, मग शेत, मग ट्रक आणि सर्वांत शेवटी ट्रक दुरुस्त करणारा. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे सुचवावयाचे नाही, आणि दहा-अकरा दिवस हा प्रशासनाच्या दृष्टीने फार मोठा काळ नव्हे. परंतु घाईच्या क्षणी जे प्रथम आठवते त्यावरून विचाराची दिशा कळते. येथे विचार खाणाऱ्याच्या टोकापासून सुरू झाला आणि अडचण येईल तसतसा मागे मागे सरकत गेला. दुकानातील भाजी ही कोणीतरी तोडलेली असते व कोणत्यातरी वाहनातून आलेली असते, हे आदेशात उमटायला तीन दिवस लागले.

शिवाय सूट मिळणे आणि माल निघणे यांत अंतर होते. ट्रकचे अर्थकारण परतीच्या भाड्यावर उभे असते. जाताना द्राक्षे व येताना कारखान्यातील माल, असे दुहेरी भाडे असेल तरच फेरी परवडते. कारखाने बंद असताना परतीचा माल नाही, म्हणून जाण्याचे भाडे वाढले. वाटेतील ढाबे बंद, चालकाला गावात शिरण्यास मज्जाव, नाक्यावर पासची विचारणा. कायद्याने मोकळा असलेला रस्ता व्यवहारात मोकळा नव्हता.

आणखी एक शब्द तपासण्याजोगा आहे : 'जीवनावश्यक'. फुले या यादीत नव्हती. मावळातील हरितगृहांतील गुलाब व जरबेरा, किंवा पाडवा आणि लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवून लावलेला झेंडू, यांना ग्राहकच उरला नाही. गुढीपाडवा त्या वर्षी २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. खाणाऱ्याच्या दृष्टीने फूल जीवनावश्यक नाही, हे मान्य. हरितगृहाच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्याच्या दृष्टीने ते होते. यादी कोणाच्या जीवनाची, हा प्रश्न आपल्या लेखनात उपस्थित व्हावयास हवा होता.

बाजार समितीवरील ठपका

एप्रिल व मे २०२० मध्ये नवी मुंबईतील वाशीची बाजार समिती काही काळ बंद ठेवावी लागली. पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डातील व्यवहारही एप्रिलमध्ये थांबले. लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव अधूनमधून खंडित झाले. यावरून अनेक अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की बाजार समिती हीच साखळीतील कमकुवत कडी आहे आणि साथीने तिचे अपयश सिद्ध केले. ५ जून २०२० रोजी केंद्राने काढलेल्या तीन अध्यादेशांच्या समर्थनार्थही हा अनुभव वापरला गेला. ते अध्यादेश सप्टेंबरमध्ये कायदे झाले, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते रद्द झाले. कायदे गेले, परंतु तो निष्कर्ष आपल्या पाठ्यपुस्तकांत व संशोधन-निबंधांत राहिला आहे.

बाजार समित्यांची बाजू घेण्याचा येथे हेतू नाही. बेकायदा कपाती, उशिरा मिळणारी पट्टी, लिलावातील संगनमत यांच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांत तथ्य आहे. शेतकरी संघटनेने बाजार-स्वातंत्र्याची मागणी केली ती काही हवेतून केलेली नव्हती. प्रश्न एवढाच आहे की २०२० चा अनुभव त्या मागणीचा पुरावा ठरतो काय? महाराष्ट्रापुरते उत्तर नकारार्थी द्यावे लागते. कारण फळे व भाजीपाला या राज्यात जुलै २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला होता. टाळेबंदी आली तेव्हा भाजी कोठेही विकण्याची कायदेशीर मुभा मिळून पावणेचार वर्षे झाली होती. तरीही वाशी बंद होताच मुंबईकडे जाणाऱ्या भाजीला तेवढ्या क्षमतेची दुसरी जागा सापडली नाही. कायद्याने दार उघडले होते. दारापलीकडे ओटा, वजनकाटा, शीतगृह व रोख पैसा घेऊन कोणी उभे नव्हते. यास बाजार समितीचे अपयश म्हणावे की पर्यायाच्या अभावाचे, हे ठरविण्यासाठी किमान हा कालक्रम तरी समोर ठेवावयास हवा.

मग बाजार बंद का झाले? ते बंद झाले कारण तेथे काम करणारी माणसे आजारी पडू लागली. आपल्या निबंधांतील 'मजुरांची टंचाई' हे पद येथे दिशाभूल करते. हमाल, मापाडी, तोलणार यांचे काम शरीराने शरीराजवळ करावयाचे आहे. पोते पाठीवर द्यायला एक माणूस लागतो व घ्यायला एक. सहा फुटांच्या अंतराची सूचना या कामाला लागूच होत नव्हती. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांना नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय सोय मिळवून दिली, ही महाराष्ट्राची जमेची बाजू आहे. मात्र साथीच्या काळात केंद्राची ५० लाख रुपयांची विमा योजना आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होती. हमालाचे काम अत्यावश्यक ठरले, त्याचा धोका मात्र अत्यावश्यक ठरला नाही. अशा वेळी काम थांबविण्याची मागणी करणाऱ्या कामगाराला 'साखळीतील अडथळा' म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही अनुचित आहे. ऊसतोड कामगारांची अवस्था याहून वाईट होती. हंगाम संपत आला असता लाखाहून अधिक मजूर आपापल्या कुटुंबांसह फडांवर व कारखान्यांच्या परिसरात अडकले. बीड व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील गावी परतण्याची परवानगी त्यांना एप्रिलच्या मध्यावर मिळाली. तोपर्यंत साखर कारखाने चालू होते, म्हणजे आपल्या व्याख्येनुसार साखळी सुरळीत होती.

थेट विक्रीचे मूल्यमापन

टाळेबंदीतील सर्वांत जास्त वाखाणला गेलेला प्रयोग म्हणजे शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांनी पुण्या-मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या दारात केलेली भाजी-फळांची विक्री. कृषी विभाग, आत्मा व पणन मंडळ यांनी परवाने मिळवून देण्यात व गाठीभेटी घडविण्यात खरोखर तत्परता दाखविली. कोकणातील हापूसचे ऐन एप्रिल-मेमध्ये काय होणार ही चिंता होती. अनेक बागायतदारांनी ग्राहकांशी भ्रमणध्वनीवर थेट व्यवहार केले आणि काहींना नेहमीपेक्षा बरा भावही मिळाला. हे सर्व नोंदविण्याजोगे आहे.

तथापि प्रयोगाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी सुटतात. पहिली, यात कोण सहभागी होऊ शकले? ज्यांच्याकडे स्वतःचा टेम्पो होता, महामार्ग जवळ होता, गटाची नोंदणी आधीच झाली होती, शहरात नातेवाईक किंवा ओळखीचे संस्थाचालक होते, ते. एका संस्थेला मिश्र भाजीची शंभर पिशव्यांची गरज असते. एकाच दिवशी पाच एकरांतील कोबी निघतो त्याचे काय करावयाचे, याचे उत्तर या प्रयोगात नव्हते. कोबीवर रोटाव्हेटर फिरविणारा शेतकरी आणि सोसायटीच्या फाटकावर हसतमुखाने उभा असलेला शेतकरी, दोघांचीही छायाचित्रे त्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांत येत होती. आपल्या निबंधांत दुसरा आला.

दुसरी गोष्ट पैशाच्या प्रवाहाची. माल पुढे जातो तसा पैसा मागे येतो, आणि अनेकदा तो मालाच्याही आधी येतो. कोकणातील बागायतदार हंगामापूर्वी अडत्याकडून उचल घेतो. फवारणी, राखण, पेटी, पेंढा यांचा खर्च त्यातून भागतो. भाजीपट्ट्यात हेच काम कृषी सेवा केंद्राची उधारी करते. ज्याने उचल घेतली आहे त्याला अडत्याला वगळून थेट विकणे हा केवळ उद्यमशीलतेचा प्रश्न राहत नाही. 'मध्यस्थ हटवा' असे लिहिताना तो मध्यस्थ कर्जदाताही आहे, विमाही आहे आणि मुलीच्या लग्नात उभा राहणारा माणूसही आहे, हे आपण विसरतो. त्याचे शोषण खरे आहे आणि त्याची गरजही खरी आहे. पर्यायी पतपुरवठ्याविना त्याला वगळण्याची सूचना ही अर्धी सूचना होय.

किसान रेल्वेचा उल्लेख येथे ओझरता करतो. पहिली गाडी ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे निघाली; पुढे सांगोल्यासारख्या ठिकाणच्या डाळिंबाला तिचा उपयोग झाला आणि भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. उपक्रम चांगला होता. पण मार्च ते मे या काळातील द्राक्ष, टोमॅटो व आंबा यांच्या नुकसानीवरील उपाय म्हणून त्याची नोंद करणे कालगणनेला धरून नाही.

ज्या नुकसानीला रकाना नाही

गारपीट झाली, अवकाळी पाऊस झाला, तर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक शिवारात येऊन पंचनामा करतात. पिकाचे ३३ टक्के वा त्याहून अधिक नुकसान झाले असेल तर आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ते बसते. रक्कम तुटपुंजी असते, विलंब होतो. पण निदान कागद तयार होतो. मार्च-एप्रिल २०२० मध्ये ज्याचा टोमॅटो शेतात लाल होऊन गळून पडला त्याचा पंचनामा झाला नाही, कारण पिकाला काहीच झाले नव्हते. पीक उत्तम होते. पंतप्रधान पीक विमा योजना उत्पादनातील घट पाहते. उत्पादन पूर्ण आले असता विमा लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. केंद्राने १४ मार्च २०२० रोजी कोविडला आपत्ती प्रतिसाद निधीसाठी 'अधिसूचित आपत्ती' मानले, परंतु ते विलगीकरण, तपासणी, उपकरणे यांसारख्या खर्चासाठी. बाजार बंद असल्याने झालेले पीकनुकसान त्यात मोडत नव्हते. अशा रीतीने आपत्ती अधिसूचित होती, नुकसान डोळ्यांसमोर होते, आणि या दोहोंना जोडणारा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता.

जे मोजले गेले नाही ते आकडेवारीत दिसत नाही, आणि जे आकडेवारीत दिसत नाही त्यावर संशोधन-निबंध होत नाही, हे आपण सर्वजण अनुभवाने जाणतो. उलट जो आकडा उपलब्ध होता तो सर्वांनी उद्धृत केला. २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत देशाचे स्थूल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटले असता कृषिक्षेत्र ३.४ टक्क्यांनी वाढले, असा अंदाज ऑगस्ट २०२० च्या अखेरीस जाहीर झाला. 'शेतीने देशाला तारले' हे वाक्य त्यानंतर किती निबंधांत आले याची गणती नाही. हा आकडा चुकीचा आहे असे म्हणावयाचे नाही. परंतु तो स्थिर किमतींवर मोजलेला आहे. म्हणजे मूलतः तो किती पिकले हे सांगतो, शेतकऱ्याच्या हाती काय पडले हे सांगत नाही. रब्बी गव्हाचे भरघोस उत्पादन व शेतात सडलेली ढोबळी मिरची यांची सरासरी काढली की मिरची नाहीशी होते. ज्याने देशाला तारले त्याला त्या तिमाहीत काय मिळाले, हा प्रश्न विचारण्यासाठी वेगळी साधने लागतात : बाजार समित्यांमधील दैनंदिन आवक व दर यांच्या नोंदी, दूध संकलन केंद्रांची दशवारी बिले, कृषी सेवा केंद्रांच्या उधारीच्या वह्या, अडत्यांच्या पट्ट्या. ग्रामीण महाविद्यालयांना ही साधने हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या घरी अशा पट्ट्या खुंटीला अडकविलेल्या असतात. त्याऐवजी आपण पंचबिंदू श्रेणीची गूगल फॉर्ममधील प्रश्नावली पाठविली आणि ज्यांच्याकडे नेटवर्क होते त्यांची उत्तरे गोळा केली.

कांद्याचे उदाहरण

शेवटी कांद्याचा विचार करतो, कारण 'व्यत्यय' या शब्दाची कसोटी त्याच्यावर उत्तम लागते. सप्टेंबर २०१९ पासून असलेली कांदा निर्यातबंदी १५ मार्च २०२० पासून उठली. आठ-दहा दिवसांत टाळेबंदी आली. उन्हाळ कांदा काढणीला आला असता लिलाव खंडित होते, गोणी व मजूर दोन्ही दुर्मिळ होते. ज्यांच्याकडे चाळ होती त्यांनी तो चाळीत भरला, ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी मिळेल त्या भावाने दिला. जूनमधील अध्यादेशाने कांद्यासह अनेक शेतमाल, असाधारण परिस्थिती वगळता, साठामर्यादेच्या बंधनातून मुक्त होणार असे जाहीर झाले. चाळीतील कांद्याला हे आश्वासन मोठेच होते.

पावसाळ्यात चाळीतला बराच कांदा सडला. उरलेल्याला सप्टेंबरमध्ये भाव येऊ लागला. शहरातील किरकोळ दर वाढले आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पुन्हा निर्यातबंदी केली. बंदरांकडे व बांगलादेशच्या सीमेकडे निघालेले कंटेनर आणि ट्रक वाटेतच थांबले. दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, अत्यावश्यक वस्तू कायद्यात सुधारणा करणारे विधेयक लोकसभेत संमत झाले. २३ ऑक्टोबरला त्याच विषयावर पुढचा आदेश निघाला : घाऊक व्यापाऱ्यास २५ टन व किरकोळ विक्रेत्यास २ टन कांदा ठेवण्याची मर्यादा. लासलगावसारख्या बाजारात मोठा व्यापारी एका दिवसात याहून अधिक खरेदी करतो. तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलावात भाग घेणे थांबविले, आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव काही दिवस पुन्हा बंद राहिले. ट्रॅक्टर तेच होते, आवार तेच होते. या वेळी रस्ते खुले होते, हमाल कामावर होते आणि वाहनाला पास लागत नव्हता. महामारीतील पुरवठा साखळीच्या व्यत्ययांवर प्रस्तुत लेखकाने वाचलेल्या निबंधांपैकी एकाच्याही तक्त्यात ऑक्टोबरच्या या बंदची नोंद नाही.